अकरावी विज्ञान शाखेतील विषयनिवड : गणित, जीवशास्त्र आणि मराठवाड्यातील विद्यार्थी

प्रस्तावना

दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या काही आठवड्यांत छत्रपती संभाजीनगरातील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत एक महत्त्वाचा निर्णय घाईघाईने उरकला जातो. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. परंतु महाविद्यालय आणि शाखा निश्चित झाल्यावर गणित घ्यावयाचे, जीवशास्त्र घ्यावयाचे की दोन्ही, हा प्रश्न विद्यार्थी व पालक यांच्यापुढे उरतोच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तो सोडवायचा असतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर अगोदरच ठरलेले असते : डॉक्टर व्हावयाचे असेल तर गणित सोडावे, अभियंता व्हावयाचे असेल तर जीवशास्त्र सोडावे.

या उत्तराचे परिणाम मात्र वरिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या वाट्याला येतात. वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेश न मिळालेला विद्यार्थी बी.एस्सी.च्या प्रथम वर्षात येतो तेव्हा दोन वर्षांपूर्वी सोडलेला विषय त्याची वाट अडवून उभा असतो. गणित सोडणे आणि जीवशास्त्र सोडणे या दोन समान किमतीच्या गोष्टी नाहीत, आणि ही निवड प्रवेशपरीक्षेच्या नियमांपेक्षा ज्ञानाच्या क्रमावर आधारलेली असावी, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मंडळाची योजना आणि ‘ग्रुप’ची रूढी

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘पी.सी.एम.’ आणि ‘पी.सी.बी.’ हे गट महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने विद्यार्थ्यावर लादलेले नाहीत. इंग्रजी अनिवार्य, तिच्या जोडीला एक भाषा किंवा माहिती तंत्रज्ञानासारखा पर्याय, आणि त्यानंतर वैकल्पिक विषय, अशी बारावीच्या मुख्य विषयांची मांडणी आहे. या मांडणीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय एकत्र बसतात. भौतिक, रसायन व जीवशास्त्राला लेखी ७० व प्रात्यक्षिक ३० गुण असतात, तर गणिताला लेखी ८० व अंतर्गत २० गुण. चार विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला मंडळाच्या दृष्टीने कोणतीही विशेष परवानगी लागत नाही. ज्याने एक विषय सोडला त्याला त्याजागी दुसरा काही तरी घ्यावा लागतो, आणि तो बहुधा ‘गुण देणारा’ म्हणून निवडला जातो.

तिसरी वाट द्विलक्षी अभ्यासक्रमाची आहे. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र यांसारखा २०० गुणांचा व्यावसायिक विषय घेतल्यास दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय सुटतो. संगणकशास्त्राच्या जागांसाठी शहरातील नामवंत महाविद्यालयांत चुरस असते. या निवडीत मराठी आणि जीवशास्त्र दोन्ही एकाच वेळी हातून जातात, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

मग गट आले कोठून? ते वेळापत्रकातून, शिकवणीवर्गांच्या तुकड्यांतून आणि पालकांच्या स्मरणातून आले आहेत.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय उशिरा झाली. निजामी राजवटीत औरंगाबादेत १९२३ मध्ये सुरू झालेले शासकीय महाविद्यालय हे दीर्घकाळ इंटरमीजिएटपुरतेच होते व ते उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्यानंतर १९५६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशी क्रमाने उभारणी झाली. अवघ्या चार वर्षांच्या अंतराने शहरात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या दोन संस्था उभ्या राहिल्या. शिकलेल्या पहिल्या पिढीच्या कुटुंबांना विज्ञान शाखेची दोनच दारे दिसू लागली, यात नवल नाही.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचविलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारल्यावर १९७५ मध्ये दहावीची व १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. आयोगाच्या कल्पनेत ही दोन वर्षे विद्यार्थ्याला आपला कल ओळखण्यासाठी होती. प्रत्यक्षात ती व्यावसायिक प्रवेशाची दोन वर्षे झाली. लातूरच्या महाविद्यालयांनी सराव परीक्षांच्या जोरावर गुणवत्ता यादीत जे यश मिळविले, त्यातून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला आणि विभागभर त्याचे अनुकरण सुरू झाले.

त्यात प्रादेशिक गणिताची भर पडली. राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत ७० टक्के जागा त्या-त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी व ३० टक्के राज्यस्तरावर, असे सूत्र दीर्घकाळ लागू होते. मराठवाड्यात तेव्हा औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड व लातूर अशी चारच शासकीय वैद्यकीय महाविद्यालये असल्याने येथील विद्यार्थ्याला अधिक गुण असूनही प्रवेश मिळत नाही, ही तक्रार सातत्याने होत राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने हे सूत्र रद्द केले. अन्याय दूर झाला, पण त्याबरोबरच ‘आता आपल्यालाही मिळेल’ या आशेने गणित सोडण्याचे आकर्षण वाढले. ‘नीट’ परीक्षेसाठी २०२४ मध्ये देशभरातून २४ लाखांहून अधिक नोंदणी झाली होती आणि एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाच्या थोड्याशाच वर होत्या. बाकीच्यांचे पुढे काय, हा प्रश्न अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी कोणी विचारत नाही.

कोणता विषय कोणते दार उघडतो

पात्रतेचे नियम पाहू. जीवशास्त्र नसेल तर एम.बी.बी.एस., बी.डी.एस., आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक, भौतिकोपचार आणि परिचर्या ही क्षेत्रे बंद होतात. गणित नसेल तर आय.आय.टी. व एन.आय.टी.सह अभियांत्रिकीच्या जवळपास सर्व शाखा, वास्तुशास्त्र, तसेच पदवीस्तरावर भौतिकशास्त्र, गणित व संख्याशास्त्र ही क्षेत्रे दुरावतात. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या दोन क्षेत्रांना मात्र दोन्हीपैकी कोणताही गट चालतो. बी.फार्म.साठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र पुरते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. ज्या शहराच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे मोठे कारखाने आहेत, तेथे ही माहिती नसावी हे आश्चर्य होय.

काही दारे कागदावर उघडी व प्रत्यक्षात बंद असतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उदाहरण या शहराला जवळचे आहे, कारण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी मुलांना तयार करणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था येथे १९७७ पासून कार्यरत आहे. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल व वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. परंतु लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुणांची प्रश्नपत्रिका गणिताची आहे आणि ती भूदलाच्या उमेदवारालाही चुकत नाही. तीत सारणी, सदिश व कलनशास्त्र यांवर प्रश्न असतात. २०२१ पासून ही परीक्षा मुलींनाही खुली झाली. ‘मुलीला गणित जड जाईल’ म्हणून अकरावीत जीवशास्त्राकडे वळविलेल्या मुलींना ही संधी आली तेव्हा तिचा उपयोग करून घेणे किती कठीण झाले असेल, याची कल्पना करता येते.

संगणक क्षेत्राचेही असेच आहे. संगणक विषयाची पदवी नसलेल्या पदवीधराला एम.सी.ए.कडे वळावयाचे तर बारावी किंवा पदवीस्तरावर गणित असावे लागत असे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी विषयांची यादी विस्तारली तेव्हा देशभर गदारोळ झाला आणि गणिताचे महत्त्व कमी केलेले नाही, असा खुलासा परिषदेला करावा लागला. पात्रतेचा नियम शिथिल झाला तरी अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षातील गणिताची प्रश्नपत्रिका शिथिल होत नाही.

चार विषय एकत्र विचारणारी परीक्षाही आहे. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या अभियोग्यता चाचणीत ६० प्रश्न असतात : जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी १५. पात्रतेसाठी यांपैकी तीन विषय पुरतात, परंतु प्रश्नपत्रिकेत चौथा विषय तसाच समोर असतो. मूलभूत विज्ञानात संशोधन करण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्यासाठी पुण्यातील अशी संस्था २००६ पासून उपलब्ध असताना, मराठवाड्यातील फार थोड्या घरांत तिचे नाव अकरावीपूर्वी पोहोचते.

नियम बदलतात, अभ्यास उरतो

प्रवेशाच्या नियमांवर विषयनिवड आधारणे किती धोक्याचे आहे, हे २०१३ ते २०१७ या काळाने दाखवून दिले. ‘नीट’ प्रथम मे २०१३ मध्ये झाली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. राज्याने पुढील दोन वर्षे वैद्यकीय प्रवेशासाठी स्वतःची सामाईक परीक्षा घेतली. अभियांत्रिकीसाठी मात्र २०१४ व २०१५ मध्ये केंद्रीय ‘जे.ई.ई. मेन’ आणि बारावीचे गुण यांचा मेळ घातला. २०१६ मध्ये अभियांत्रिकी पुन्हा राज्याच्या परीक्षेकडे आली.

जून २०१४ मध्ये अकरावीत आलेल्या विद्यार्थ्याचा विचार करावा. त्याने गणित घेतले असेल तर ‘जे.ई.ई.’ची तयारी सुरू केली आणि शेवटी राज्याची परीक्षा दिली. त्याने जीवशास्त्र घेतले असेल तर एप्रिल २०१६ च्या अखेरीस, म्हणजे राज्याच्या परीक्षेला आठवडा उरला असताना, सर्वोच्च न्यायालयाने ‘नीट’ अनिवार्य केल्याची बातमी त्याने ऐकली. आणि परीक्षा होऊन गेल्यावर मे महिन्याच्या उत्तरार्धात केंद्राच्या अध्यादेशाने राज्याच्या जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली. २०१७ पासून राज्याच्या वैद्यकीय जागांचे प्रवेशही ‘नीट’वरच झाले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नियम दोन-तीन वेळा फिरले. या सर्व उलथापालथीत ज्याचे भौतिकशास्त्र पक्के होते त्याला कोणतीही परीक्षा द्यावी लागली तरी फारसे बिघडले नाही.

पाठ्यपुस्तकातील पुरावा

विषयनिवडीचा खरा प्रश्न पाठ्यपुस्तके उघडल्यावर दिसतो. २०१९-२० मध्ये आलेल्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. त्यात सदिशांची बेरीज व गुणाकार आणि कलनशास्त्राची तोंडओळख आहे. शिक्षक तेथे पावसाळ्यातच पोहोचतो. त्याच वर्षीच्या गणिताच्या पुस्तकात अवकलन हे दुसऱ्या भागाचे शेवटचे प्रकरण आहे. क्रमाने शिकविल्यास ते सत्राच्या अखेरीस येते. म्हणजे गणित घेतलेल्या विद्यार्थ्यालाही भौतिकशास्त्राच्या तासाला जे लागते ते गणिताच्या तासाला सहा महिन्यांनी मिळते. ज्याने गणित सोडले त्याला ते कधीच मिळत नाही. त्याच्यासाठी त्या प्रकरणातील सूत्रे पाठ करण्याच्या वस्तू होऊन बसतात.

बारावीत हीच अडचण वाढते. दोलनांच्या प्रकरणात सरल आवर्त गतीचे अवकल समीकरण येते. किरणोत्सारी ऱ्हासाच्या नियमात घातांकी फलन येते. रसायनशास्त्रात प्रथम कोटीच्या अभिक्रियेचे समाकलित समीकरण मांडावे लागते. लॉगरिदम तर भौतिक आणि रसायन दोन्हीकडे पदोपदी लागतात, परंतु लॉगरिदमचे फलन गणिताच्या पुस्तकात फलनांच्या प्रकरणात शिकविले जाते. जीवशास्त्र गटाचा विद्यार्थी लॉग टेबल पाहावयास शिकतो. लॉगरिदम म्हणजे काय हे त्याला क्वचित कळते. विचलनाची परिमाणे आणि संभाव्यता ही दोन्ही प्रकरणे अकरावीच्या गणितात आहेत. प्रयोगवहीतील वाचनांची सरासरी काढणाऱ्या, पण ती सरासरी कितपत विश्वसनीय आहे हे सांगू न शकणाऱ्या विद्यार्थ्याचे मूळ येथे सापडते.

‘नीट’मध्ये गणिताचा एकही प्रश्न नसतो, हा युक्तिवाद वारंवार केला जातो. तो खरा आहे आणि फसवाही. ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे आहेत आणि त्यातील अनेक प्रश्न आकडेमोडीचे असतात. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. जीवशास्त्राचे ३६० गुण वाचनाने व स्मरणाने बऱ्याच अंशी हाती येतात. निकाल पुष्कळदा भौतिकशास्त्रावर फिरतो.

जीवशास्त्र स्वतःही आता गणिताशिवाय पुढे जात नाही. उत्क्रांतीच्या अभ्यासातील हार्डी-वाइनबर्ग तत्त्व हा द्विपद विस्ताराचाच उपयोग आहे. साथीच्या रोगांचा प्रसार, लोकसंख्येची वाढ, जनुकक्रमांचे विश्लेषण यांची भाषा संख्याशास्त्राची आहे. उलट बाजूही तेवढीच खरी आहे. पेशी, जनुक, प्रतिकारशक्ती यांचा गंध नसलेला अभियंता वैद्यकीय उपकरणे, जैवतंत्रज्ञान वा औषधनिर्मिती यांत अडखळतो. तथापि दोन्ही उणिवा भरून काढण्याचा मार्ग एकसारखा नाही. जीवशास्त्र पुढे वाचून, निरीक्षण करून शिकता येते. त्याची प्रकरणे बऱ्याच अंशी स्वतंत्र आहेत. गणिताची पायरी मात्र चुकवून वर जाता येत नाही. जीवशास्त्र सोडण्याचा तोटा मुख्यतः नियमांचा आहे, गणित सोडण्याचा तोटा नियमांचा आणि आकलनाचा, असा दुहेरी आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा पदव्युत्तर वर्गात मिळतो. अनेक विद्यापीठांच्या एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षात, ज्यांनी गणित घेतले नव्हते त्यांच्यासाठी ‘रसायनशास्त्रज्ञांसाठी गणित’ आणि ज्यांनी जीवशास्त्र घेतले नव्हते त्यांच्यासाठी ‘रसायनशास्त्रज्ञांसाठी जीवशास्त्र’ अशी अभ्यासपत्रिका ठेवलेली आढळते. अकरावीत सोडलेला विषय पाच वर्षांनी पुन्हा समोर येतो, आणि तोही एका सत्रात उरकण्यासाठी. ही पत्रिका शिकविणाऱ्या प्राध्यापकांना तिची मर्यादा वेगळी सांगण्याची गरज नाही.

निवड कोणी कशी करावी

सर्वांनीच चार विषय घ्यावेत असे म्हणणे व्यवहार्य नाही. दोन जादा प्रयोगवह्या, गणिताचा रोजचा सराव, जीवशास्त्राच्या आकृत्या आणि वर शिकवणीवर्गाचे तास, हा भार प्रत्येकाला पेलेल असे नाही. पैठण, कन्नड, सिल्लोड, सोयगाव या तालुक्यांतून मराठी माध्यमात दहावी होऊन आलेल्या विद्यार्थ्याला तर पहिले सहा महिने इंग्रजी पारिभाषिक शब्दांशीच झुंज द्यावी लागते. त्याला चार विषयांचा आग्रह धरणे म्हणजे त्याला विज्ञान शाखेतून बाहेर ढकलणे ठरू शकते. मात्र ज्याला दहावीत बीजगणित व भूमितीत रस होता, ज्याचा निर्णय अजून झालेला नाही, किंवा जो केवळ वैद्यकीयच्या आशेने गणित सोडू पाहत आहे, त्याने निदान अकरावीपुरते चारही विषय ठेवणे हिताचे असते. वर्षभरानंतर सोडण्याचा निर्णय अनुभवाने होतो; प्रवेशाच्या खिडकीपाशी तो अफवेने होतो.

ज्याने जीवशास्त्र खरोखरच आवडीने निवडले आहे व गणिताचा भार नको आहे, त्याच्या निवडीत काही चूक नाही. त्याला कलनशास्त्राचे जुजबी ज्ञान आणि संख्याशास्त्राची ओळख देण्याची व्यवस्था कोणी तरी करावयास हवी, एवढेच.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या हाती काय आहे

मराठवाड्यात अनेक कनिष्ठ महाविद्यालये वरिष्ठ महाविद्यालयांच्याच आवारात आहेत. प्रयोगशाळा जवळ, ग्रंथालय एक, व्यवस्थापन एक. तरीही बी.एस्सी.चा प्राध्यापक अकरावीच्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी भेटत नाही. राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, कारण विद्यार्थी नावापुरता महाविद्यालयात व प्रत्यक्षात शिकवणीवर्गात असे. हजेरीने विद्यार्थी वर्गात आणता येईल. तेथे त्याला शिकवणीवर्गात न मिळणारे काही तरी मिळावयास हवे. विषयनिवडीबाबतचा निःस्वार्थ सल्ला ही त्यांपैकी एक गोष्ट होय. शिकवणीवर्ग तो देऊ शकत नाही, कारण त्याची तुकडी आधीच ठरलेली असते.

चुकलेल्या निवडीतून परतण्याच्या वाटाही सांगितल्या पाहिजेत. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला मंडळाच्या परीक्षेस ‘तुरळक विषय’ घेऊन बसता येते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून, बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’साठी पात्र ठरविले. राज्याची सामाईक परीक्षा दोन्ही गटांतून देता येते. या वाटा अरुंद आहेत, त्यांत वर्ष जाते. परंतु त्या आहेत हे ठाऊक नसल्यामुळे जाणारी वर्षे अधिक आहेत.

आणखी एक गोष्ट पूर्णपणे महाविद्यालयाच्या अखत्यारीतील आहे. अकरावीची वार्षिक परीक्षा मंडळ घेत नाही, महाविद्यालय घेते. त्यामुळे प्रकरणांचा क्रम पुस्तकाप्रमाणेच ठेवण्याची सक्ती नाही. गणिताच्या शिक्षकाने फलन, सीमा व अवकलन ही दुसऱ्या भागातील प्रकरणे पहिल्या सत्रात घेतली आणि वर्तुळ व शांकव दुसऱ्या सत्रात नेले, तर भौतिकशास्त्राच्या तासाला लागणारे साहित्य वेळेवर हाती येईल. ऑगस्टमधील हेच दहा-बारा तास जीवशास्त्र गटाच्या विद्यार्थ्यांनाही खुले ठेवता येतील. त्यासाठी नवीन पद, अनुदान वा परिपत्रक लागत नाही. जूनमध्ये वेळापत्रक आखताना भौतिकशास्त्र आणि गणित या दोन विभागांच्या शिक्षकांनी एका टेबलाशी बसणे लागते.